दहा पौंडांचे घर

इंग्लंड म्हटले की दगडी वाडे नि उंच मनोरे डोळ्यांपुढे येतात. पण तिथल्या खेड्यात कुडाचे, काडाने शाकारलेले घरही भेटते. दक्षिणेला ससेक्स परगण्यात ककमिअर नदीकाठी आल्फ्रिस्टन गाव आहे. तिथे चर्चजवळ असे एक चौदाव्या शतकातले घर उभे आहे. ‘पाद्रीबुवांचे घर’ म्हणूनच ते ओळखले जाते.

सांगाडा सगळा ओकच्या लाकडाचा. ओक म्हणजे तिकडचे सागवानच समजा. अशा घरांत खांब नि तुळया लाकडी खुंट्यांनी जोडतात, मधल्या जागेत फोकांचा कुड घालतात आणि माती, शेण, गवत कालवून तो लिंपतात. शेणमातीचे लिंपण काही आपल्याच आयाबहिणींना ठाऊक होते असे नाही! मधले दालन थेट छपरापर्यंत मोकळे. पूर्वी त्याच्या मधोमध जमिनीवरच जाळ पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. खालची जमीन तर बघण्यासारखी आहे. पांढरा खडू कुटून, चोपून, त्यावर आंबलेले दूध मुरवलेले!

एकोणिसाव्या शतकात हे घर मोडकळीस आले. ते पाडायचेच ठरले होते. पण तिथे राहणाऱ्या एका म्हातारीने शेवटचे दिवस इथेच काढू द्या अशी विनवणी केली, म्हणून ते तेवढे वाचले. तिच्यामागे गावच्या पाद्रीबुवांनी मदतीसाठी खटपट केली. ऑक्टेव्हिया हिल या बाईंनी दोन सहकाऱ्यांसह 1895 साली नॅशनल ट्रस्ट ही संस्था काढली होती. तिने 1896 साली हे घर विकत घेतले, अवघ्या दहा पौंडांना. संस्थेने घेतलेली ही पहिली इमारत.

घर घेणे एकवेळ सोपे, शाकारणी चुकत नाही. काडाचे छप्पर पंचवीस-तीस वर्षांनी नवे करावे लागते, आणि त्याला काड हवे लांब, न चुरडलेले. आता गहू बुटका झाला, कंबाइन यंत्रातून काड मोडूनच निघते. संकरित ज्वारी आली तेव्हा कडब्यासाठी आपण कुरकुरलो, तशीच ही गत. म्हणून तिकडचे काही शेतकरी मॅरिस विजनसारखा उंच वाढणारा जुना गहू मुद्दाम पेरतात. दाणा पुरता पक्का होण्याआधी जुन्या बाइंडरने तो कापतात, पेंढ्या शेतातच उभ्या करून वाळवतात. धान्य विकले जातेच, पण पीक घ्यायचे ते काडासाठी.