मीठ मागेच राहते



गेल्या वर्षी टोरांटोला दादाकडे गेलो. बेळगावच्या घराच्या वाटणीवरून आमचे ६ वर्षे बोलणे नव्हते. वहिनींनी आग्रहाने बोलावले. त्यांच्याकडे खाऱ्या पाण्याची ४० लिटरची काचेची टाकी आहे. तीत प्रवाळे, फुलांसारखी उमललेली.

दोघे ४ दिवस बाहेरगावी गेले. टाकी माझ्यावर. पाणी रोज लिटरभर आटायचे. समुद्रातले जीव, म्हणून मी बादलीत कालवून ठेवलेले खारे पाणी भरत राहिलो. चौथ्या दिवशी सगळी प्रवाळे मिटली.

दादा आल्यावर चूक कबूल केली. त्याने पाणी मोजले. लिटरला ३५ ग्रॅम हवे ते मीठ ३८ च्या वर गेले होते.

"अरे, उडते ते नुसते पाणी. मीठ मागेच राहते. आटेल तेवढे गोडे पाणी घालायचे."

"मग आत्ताच सगळे बदलू?"

"नको. एकदम बदललेलेही त्यांना सोसत नाही."

३ दिवस तो थोडे खारे पाणी काढून तेवढेच गोडे घालत राहिला. हळूहळू प्रवाळे उघडली.

आमच्या भांडणातले शब्द केव्हाच उडून गेले होते. मीठ तेवढे राहिले, आणि मी दर नाताळाला गप्प राहून त्यात भर घातली. त्या संध्याकाळी घराचा विषय न काढता म्हणालो, "दादा, चहा ठेवू?"

आता दर रविवारी उपासनेनंतर फोन करतो. वाटणी अजून व्हायची आहे.

प्रभू, रोज थोडे गोडे पाणी घालण्याची बुद्धी आम्हांला दे. आमेन.