'लास्टिंग' म्हणजे शेवटचे?

विद्यार्थी मित्रहो, सुजाण पालक आणि विश्वस्त मंडळी,


दरवेळी या पानावर मी निकाल, स्नेहसंमेलन आणि शिस्त यांविषयी लिहितो. या वेळी एका इंग्रजी शब्दाविषयी लिहिणार आहे. माझे इंग्रजी किती आहे हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. माझी शाळा आणि कॉलेज दोन्ही इथे इंदूरला हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि इंग्रजी फक्त अर्जापुरते. आजही चार ओळी इंग्रजीत लिहायच्या म्हटले की फादर कामिल बुल्के यांचा इंग्रजी-हिंदी कोश टेबलावर घ्यावा लागतो. बेल्जियममध्ये जन्मलेल्या या धर्मगुरूंनी हिंदीवर जीव लावला आणि १९६८ साली आमच्यासारख्यांची सोय करून ठेवली.

गेल्या मार्चमध्ये आपल्या संगीताच्या बाई माझ्याकडे आल्या. मुलाची नोकरी बंगळूरला लागली, म्हणून त्याही तिकडे निघाल्या होत्या. तिथल्या एका शाळेत अर्ज करण्यासाठी त्यांना अनुभवाचा दाखला हवा होता, तोही इंग्रजीत. "सर, दोन ओळी चांगल्या लिहा," एवढेच म्हणाल्या.

पहिली ओळ सोपी होती. सेवा चौदा वर्षे, पद 'टेम्पररी म्युझिक टीचर'. दर उन्हाळ्यात बाईंच्या नेमणुकीची मुदत संपायची आणि शाळा उघडली की नवे पत्र निघायचे. सुट्टीचा पगार नाही. त्या चौदा पत्रांपैकी नऊ पत्रांवर माझी सही आहे.

दुसऱ्या ओळीला अडलो. बाईंचे काम या शाळेत टिकून राहील, असे मला लिहायचे होते. 'टिकणारे' या अर्थाचा शब्द शोधू लागलो तर शब्दांची रांगच उभी राहिली.

पहिला आठवला 'परमनंट'. पण ज्यांना आपण चौदा वर्षे परमनंट केले नाही, त्यांच्या कामाला परमनंट म्हणायला हात धजेना. शिवाय हा शब्द कागदपत्रांतला. पॅन कार्डाच्या नावात पहिला शब्द तोच आहे. फॉर्मवर 'परमनंट ॲड्रेस' असतो. तिथे माझ्या आजोबांनी कोकणातले गाव लिहिले, वडिलांनी जुन्या इंदुरातला वाडा लिहिला आणि मी कॉलनीतला फ्लॅट लिहितो. बदलू नये अशी अपेक्षा असते म्हणून परमनंट म्हणायचे, इतकेच.

'ड्युरेबल' हा वस्तूंचा शब्द. कुकर, दप्तर, वर्गातले बाक हे ड्युरेबल. कितीही वापरले तरी लवकर झिजत नाहीत. फ्रिज आणि वॉशिंग मशीनला तर बाजारात 'कन्झ्युमर ड्युरेबल' असेच नाव आहे. गाणे शिकवण्याला तो कसा लावणार?

'पेरेनियल' म्हणजे आपले बारमाही. लॅटिनमधला त्याचा मूळ अर्थही 'वर्षभर' असाच आहे. ज्या नर्मदेचे पाणी आपल्या नळाला येते, ती पेरेनियल. बाईंचा पगार तर उन्हाळ्यात आटायचा.

'परपेच्युअल' म्हणजे न थांबता चालू राहणारे. विश्वस्त मंडळींपैकी काहींना 'परपेच्युअल सक्सेशन' हा कंपनी कायद्यातला शब्दप्रयोग माहीत असेल. सभासद आले, गेले, तरी कंपनी चालूच राहते. तो संस्थेला शोभतो, एका माणसाच्या कामाला नाही. आणि 'इटर्नल' तर ज्याला काळच लागत नाही अशा गोष्टींसाठी, देवासाठी, आत्म्यासाठी. तो दाखल्यात लिहिला असता तर बंगळूरचे लोक हसले असते.

'एन्ड्युअरिंग'पाशी मात्र बराच वेळ थांबलो. हा ड्युरेबलचाच भाऊ, 'कठीण' अर्थाच्या लॅटिन शब्दाच्या घराण्यातला. पण यात सोसणेही आहे. आपला राजवाडा पाहा. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीत मागचा बराच भाग जळाला, तरी पुढची बाजू उभी राहिली. आजही आपण मुलांना तिथे घेऊन जातो. हे खरे एन्ड्युअरिंग. बाईंनीही सोसले. पण सोसायला लावणाऱ्या पत्रांवर माझीच सही, मग तोच शब्द कौतुक म्हणून मी कोणत्या तोंडाने लिहायचा?

राहिला 'लास्टिंग'. सहज आठवीच्या वर्गात विचारले, "लास्टिंग म्हणजे काय रे?" मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, लास्ट म्हणजे शेवटचं ना? मग लास्टिंग म्हणजे संपत आलेलं!" वर्ग हसला. मीही हसलो, पण उत्तर मलाही येत नव्हते. मधल्या सुट्टीत इंग्रजीच्या बाईंना गाठले आणि त्यांचा मोठा कोश उघडला.

मुलांनो, हे दोन वेगळे शब्द आहेत. 'शेवटचा' या अर्थाचा लास्ट हा 'लेट' म्हणजे 'उशिरा' या शब्दापासून आला. 'टिकणे' या अर्थाचा लास्ट ज्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आला, त्याचा अर्थ 'मागोमाग जाणे'. चांभार ज्या लाकडी पायावर जोडा चढवून शिवतो, त्यालाही इंग्रजीत लास्टच म्हणतात. तो शब्द याचाच नातेवाईक, आणि त्याचा जुना अर्थ 'पाऊलखूण'. म्हणजे लास्टिंग हा शब्द मुळात दगडावरून आलेला नाही, चालणाऱ्या माणसांवरून आला आहे. मागे पाऊल टाकणारा कोणी असेल तोवर ते टिकते.

दुसऱ्या दिवशी बाई सामानाची बांधाबांध करण्यासाठी रजेवर होत्या. प्रार्थनेला पेटीवर कोण, असा प्रश्न पडायच्या आत सातवीतली एक मुलगी पुढे येऊन बसली. तिने सूर दिला आणि पाचशे मुले गायला लागली. बाई वर्गात सांगत असत ते आठवले. बंदिशीची स्थायी म्हणजे पहिला भाग. अंतऱ्यात कितीही वर जाऊन आले तरी गाणारा पुन्हा स्थायीवर येतो. कामकाजाच्या हिंदीत ज्यांना आपण 'अस्थायी' ठरवले, त्या चौदा वर्षे मुलांना स्थायी शिकवत होत्या. त्या दिवशी मी दाखल्यात 'लास्टिंग' हा शब्द लिहिला.

बाईंनी दाखला दोनदा वाचला आणि विचारले, "सर, एकाच कागदावर टेम्पररी आणि लास्टिंग, दोन्ही चालतं का?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्या खरोखरच शंका विचारत होत्या. मला उत्तर देता आले नाही. "चालतं, व्याकरणात चूक नाही," एवढे म्हणून वेळ मारून नेली. त्या नमस्कार करून गेल्या.

त्यांचे उत्तर आज इथे देतो. बाई, व्याकरणात चालते, शाळेत चालायला नको होते. पैशाची ओढाताण खरी होती, पण नऊ वर्षांत एकदाही मी हा विषय विश्वस्त मंडळापुढे नेला नाही, हेही तितकेच खरे. पुढच्या बैठकीत संगीत शिक्षकाचे पद कायम करावे, सुट्टीच्या पगारासह, असा प्रस्ताव मी मांडणार आहे. फीवर त्याचा बोजा पडेल का, ही पालकांची शंका रास्त आहे. त्याचा हिशेब मी बैठकीपूर्वी फलकावर लावीन. आपल्या सूचना अवश्य कळवाव्यात.

गेलेल्या बाईंना याचा काही उपयोग नाही. पण जूनमध्ये नव्या बाई येतील, त्यांच्या नेमणुकीच्या पत्रात कोणता शब्द लिहायचा, हे ठरवायला मला कोश उघडावा लागू नये, एवढीच इच्छा आहे.

आपला,
मुख्याध्यापक