मूषकऋण

लखनौच्या मानक नगरात रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटना आहे. 1957 साली स्थापन झालेली ही संस्था रेल्वेच्या साहित्याची मापे आणि कसोट्या ठरवते. त्याच शहरात, गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नवाबी वास्तूत, 1951 साली केंद्रीय औषधी संशोधन संस्था सुरू झाली. पुढे ती जानकीपुरम भागात गेली. तेथे कसोटीला येणाऱ्या द्रव्यांत झाडपाल्याचे अर्कही असत. पाल्याला मानक लावणे मात्र लोखंडाइतके सोपे नाही.

मधुमेहावरचा झाडपाला मराठी घराला नवा नाही. उपाशीपोटी कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, भिजवलेल्या मेथ्या, बिबल्याच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. यांतले कोणते खरोखर गुणकारी, हे श्रद्धेला सांगता येत नाही. म्हणून देशभरच्या प्रयोगशाळांत हा प्रश्न पांढऱ्या उंदराला विचारला जातो.

त्या निरोगी जिवाला आधी रोग द्यावा लागतो. मातीतल्या जीवाणूपासून मिळालेले स्ट्रेप्टोझोटोसिन टोचले, की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मरू लागतात. मरतामरता त्या साठवलेले इन्सुलिन एकदम सोडतात आणि रक्तातली साखर घातक रीतीने उतरू शकते. म्हणून त्या पहिल्या रात्री उंदराला साखरेचे पाणी पाजतात. ज्याला जन्माचा मधुमेही करायचे, त्याला साखर देऊन जगवायचे! पुढे शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब घेऊन साखर मोजतात. काही उंदरांना अर्क, काहींना ग्लिबेनक्लामाइडसारखे प्रचलित औषध, काहींना नुसते पाणी मिळते. काही आठवड्यांनी त्यांना मारून स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. प्रयोगशाळेच्या इंग्रजी परिभाषेत या मारण्याला बलिदान असाच शब्द आहे.

साखर उतरली, की निबंध छापला जातो. पण सिद्ध काय झाले? उंदराच्या पेशी विषाने मारलेल्या असतात. आपल्याकडच्या बहुसंख्य रुग्णांत इन्सुलिन असूनही त्याला शरीर नीट दाद देत नाही. शिवाय पावसाळ्यातला पाला आणि उन्हाळ्यातला पाला यांतले द्रव्य सारखे नसते. एका जागचा अर्क दुसऱ्या जागी तसाच उतरेल याची हमी नाही. अशा वेळी तोच पाला, तेच विष, नव्या उंदरांवर पुन्हा योजले जाते.

ही वाट मुक्कामाला पोचूच शकत नाही, असे नव्हे. युरोपातल्या गॅलेगा या जुन्या औषधी वनस्पतीतील द्रव्याच्या धाग्याने रसायनशास्त्र मेटफॉर्मिनपर्यंत गेले. झाँ स्टर्न या फ्रेंच वैद्याने मधुमेही माणसांवरील त्याचा अनुभव 1957 सालीच प्रसिद्ध केला. तेथे शेवटचा शब्द माणसावरच्या परीक्षेचा होता.

प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारा 1960 चा कायदा प्रयोगांना मनाई करत नाही. पण अनावश्यक यातना टाळाव्यात, ही त्याची अपेक्षा आहे. शास्त्रांनी देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितले. गणपतीच्या पायाशी बसणाऱ्या मूषकाचे ऋण कोणी मोजले नाही. अर्कातले द्रव्य ओळखले, त्याचे प्रमाण बांधले आणि ते रुग्णाच्या उपयोगी पडते की नाही याचा खरा निर्णय लावला, तर त्या ऋणाचा काही अंश फिटेल. उत्तर नकारार्थी आले तरी चालेल; ते मात्र पुन्हा विचारावे लागू नये.