मन-म्हैस नद्यांच्या मधलं बाळापूर

अकोल्याहून खामगावकडे निघालेली एसटी बाळापूरला घटकाभर थांबते. बहुतेकांना पुढे खामगावला जायचं असतं. हे माझं आजोळ, म्हणून मी मात्र लहानपणापासून इथेच उतरत आले. सुटीतल्या खेळण्याच्या जागा म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातल्या जागा आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर किल्ला आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं तो बांधायला घेतला आणि १७५७ मध्ये अचलपूरचा नवाब इस्माईल खान यानं पुरा केला. सह्याद्रीतले दगडी गड पाहिलेल्या माणसाला विटांचा किल्ला आधी कमी वाटतो. पण एकात एक असे तीन दरवाजे ओलांडून आत गेलं आणि त्या उंच, घट्ट भिंती जवळून पाहिल्या, की त्या काळच्या गवंड्यांविषयी आदरच वाटतो. आतला कोट पंचकोनी, प्रत्येक कोनावर बुरूज. मामा सांगायचे, "पूर आला का किल्ल्याले चौफेर पानी, पोरी. जायाले एकच वाट उरते."

मनेच्या काठी काळ्या दगडाची छत्री आहे, मिर्झाराजे जयसिंहांच्या नावाची. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांकडून तेवीस किल्ले घेणारे तेच हे जयसिंह. दोन वर्षांनी, उत्तरेकडे परतताना, बुऱ्हाणपुरात त्यांचा मृत्यू झाला. राजस्थानी घाटाचे नाजूक खांब वऱ्हाडातल्या नदीकाठी उभे पाहिले, की दिल्ली आणि दख्खन यांच्यामधली वाट याच मुलखातून जायची हे वेगळं सांगावं लागत नाही. अकबराच्या काळात बाळापूर हा वऱ्हाडातला संपन्न परगणा होता. त्याचा मुलगा शहजादा मुराद यानं जवळच शाहपूर वसवलं होतं.

गावातल्या मुलांना सगळ्यात कमी माहीत असते ती १७२० ची लढाई, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. दिल्लीत सय्यद बंधूंचा अंमल होता. त्यांचा पुतण्या आलम अली खान दख्खन सांभाळत होता. माळव्यातून नर्मदा उतरून आलेल्या निजाम-उल्-मुल्कानं त्याला बाळापूरजवळ गाठलं. आलम अली लढता लढता मारला गेला. त्याच्या बाजूनं मराठी फौजही लढली. त्या फौजेत दमाजी गायकवाडांनी असा पराक्रम केला, की त्यांना 'समशेर बहादूर' हा किताब मिळाला. पुढे त्यांचे पुतणे पिलाजी यांनी गुजरातेत गायकवाडांचं बस्तान बसवलं. निजामानं चार वर्षांनी बुलडाण्यातल्या साखरखेर्ड्याला दुसरी लढाई जिंकली आणि दख्खन कायमची हाताखाली घातली. बडोदा आणि हैदराबाद या दोन्ही राज्यांच्या कहाणीत बाळापूरचं शिवार असं येऊन जातं.

तरी एक खंत राहते. हे गाव एके काळी कागदासाठी आणि बारीक सुताच्या पागोट्यांसाठी नावाजलेलं होतं. किल्ला कुणी बांधला ते आपल्याला ठाऊक आहे. पण कागद कोणत्या आळीत बनायचा, पागोटी कोणत्या घरांत विणली जायची, हे विचारलं की गावातले जाणतेही एकमेकांकडे पाहतात. १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर रेल्वे सुरू झाली. ती पारसवरून अकोल्याकडे गेली, बाळापूर बाजूला राहिलं. कापसाचा व्यापार आणि जिनिंग-प्रेसिंग अकोल्याला मिळालं. गिरण्यांचा माल रेल्वेनं दारात येऊ लागल्यावर हातमागाला टिकणं अवघडच होतं.

आजोळच्या शेजारच्या एका आजींनी त्यांच्या सासरच्या पेटीतलं जुनं पागोटं मला एकदा उलगडून दाखवलं. रंग विटला होता, पण वीण शाबूत होती. ते गावातच विणलेलं, एवढंच त्यांना सांगता आलं. तेव्हापासून बाळापूरला गेले की मी किल्ल्याआधी जुन्या घरांत जाते, जुन्या वह्या, पावत्या, खातेवह्या दाखवा म्हणते. एखादं विणकराचं नाव मिळालं, की घराच्या खुणेसकट लिहून ठेवते. सध्या वहीत थोडीच नावं आहेत, आणि खानक्याजवळच्या, म्हणजे सूफी मठाजवळच्या, गल्ल्यांत विचारायचं अजून बाकी आहे.