गुहा, आकाश आणि होकायंत्र

रेक्याविक, ऑक्टोबर

ती. बाबा,
सा. न.

गुहा आणि आकाश एकाच तिकिटात विकणं म्हणजे निव्वळ दुकानदारी, हा तुमचा आक्षेप अर्धा खरा आहे. त्या खऱ्या अर्ध्यापासूनच सुरुवात करते. संध्याकाळी बसभर माणसं आधी लाव्हाच्या गुहेत उतरवायची आणि मग काळोख्या माळावर उभी करून उत्तरध्रुवीय प्रकाशाची वाट पाहायला लावायची, अशी ही सहल. यातला एक माल खात्रीचा, दुसरा मुळीच नाही. प्रकाश दिसायला अंधार हवा, आकाश मोकळं हवं आणि सूर्याकडून येणाऱ्या कणांना जोर हवा. अंधार सप्टेंबरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मिळतो, पण अटलांटिकवरून येणारे ढग कुणाचं ऐकत नाहीत. इथलं हवामान खातं ढगांचा नकाशा आणि प्रकाशाच्या शक्यतेचा शून्य ते नऊ असा आकडा देतं. मात्र सौरवाऱ्याची पक्की खबर मिळते ती पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून, आणि तिथून तो वारा साधारण तासाभरात इथे पोचतो. बस सुटते तेव्हा रात्रीचा निकाल लागलेला नसतो. म्हणूनच प्रकाश दिसला नाही तर दुसऱ्या रात्री फुकट नेण्याची सवलत बऱ्याच कंपन्या देतात. गुहा हे या जुगारातलं तारण आहे, इथवर तुमचं बरोबर.

पण व्यापाऱ्याने जुळवली म्हणून जोडी खोटी ठरत नाही. रेक्याविकपासून अर्ध्या-पाऊण तासावर रॉयवारहोल्सहेट्लिर नावाची गुहा आहे. लांबी सुमारे १३६० मीटर, रुंदी काही ठिकाणी ३० मीटरपर्यंत. साधारण ५२०० वर्षांपूर्वीच्या उद्रेकात ती तयार झाली. वाहत्या लाव्हाचा पृष्ठभाग दुधावर साय धरावी तसा थिजतो, पण त्या कवचाखाली उष्णता कोंडून राहते आणि हजार अंशांहून तप्त रस पुढे वाहत राहतो. उगमाकडून रस येणं थांबलं की उरलेला उतारावरून निघून जातो आणि मागे पोकळ नळी राहते. भिंतींवर आडवे कट्टे दिसतात, त्या रसाच्या उतरत गेलेल्या पातळीच्या खुणा. लाल पट्टे लोखंडाच्या गंजाचे. हे सगळं मार्गदर्शक सांगतात. ज्या गोष्टीमुळे गुहा आकाशाशी जोडली जाते ती मात्र ट्रोल राक्षसांच्या कथांमध्ये बहुधा राहून जाते. या खडकात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. खडक निवत निवत सुमारे ५८० अंशांखाली आला की त्या क्षणी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेला असेल ती दिशा या कणांत गोठते. म्हणजे गुहेची भिंत हे ५२०० वर्षांपूर्वी थांबलेलं होकायंत्र आहे. आणि सहलीच्या रात्री वर जो हिरवा पट्टा हलतो, त्याची जागाही हेच क्षेत्र ठरवतं: सूर्याकडून आलेले कण चुंबकीय रेषांवरून घसरत खाली येतात, शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनला धडकतात, आणि हिरवा प्रकाश पडतो. चुंबकीय ध्रुवाभोवती या प्रकाशाचं एक कडं असतं आणि आइसलँड नेमकं त्याखाली येतं.

हा संबंध ओढूनताणून आणलेला वाटत असेल तर रेक्याविकजवळच्याच रेक्यानेस द्वीपकल्पावरच्या स्काउलामायलिफेट्ल टेकडीचं उदाहरण घ्या. तिथल्या सुमारे ९४,००० वर्षांपूर्वीच्या लाव्हात गोठलेली दिशा आजच्या उत्तरेशी जुळतच नाही. त्या काळात पृथ्वीचं क्षेत्र फार दुबळं होऊन भरकटलं होतं. क्षेत्र भरकटलं की प्रकाशाचं कडंही जागा सोडणार. त्या वेळी आकाश कुठे उजळत असेल याचा अंदाज बांधायचा तर दगडालाच विचारावं लागतं, कारण आकाश स्वतःची नोंद ठेवत नाही.

तुमची


बोर्गार्नेस, ऑक्टोबर

ती. बाबा,
सा. न.

चुंबकत्व डोळ्यांना दिसत नाही, मग प्रवाशाला त्याचा काय उपयोग, हे तुम्ही विचारणार हे ठाऊक होतं. अलिबागच्या माणसाने हे विचारावं याची मात्र गंमत वाटते. २ सप्टेंबर १८५९ ला एका प्रचंड सौरवादळात मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्या. त्या सौरवादळाचा हा अत्यंत मोलाचा दस्तऐवज मानला जातो, आणि तो भरदिवसा, आकाशात काही दिसत नसताना तयार झाला. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे उपकरणं चुकीची नोंद करणार, म्हणून १९०४ साली हे काम तुमच्या गावात आणलं. न दिसणाऱ्या गोष्टी मोजूनच या प्रकाशाचं कोडं सुटलं आहे. नुसतं पाहून ते हजारो वर्षं सुटलं नव्हतं. उलट नुसत्या पाहण्याने फसगत होते. मंद प्रकाशात डोळ्याच्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, त्यामुळे साधारण रात्री हा प्रकाश राखाडी ढगासारखाच दिसतो आणि कॅमेरा त्याला हिरवागार करून दाखवतो. गुहेतल्या अंधाराने डोळे सरावतात, असं सहलींच्या जाहिराती म्हणतात. तो दावा मला पटत नाही. डोळ्यांना पुरतं सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि हेल्मेटवरचे दिवे व बसमधला उजेड ते क्षणात पुसून टाकतात.

गुहेत घालवलेल्या वेळात वरचा प्रकाश हुकेल, ही तुमची दुसरी शंका अधिक वजनदार आहे. हुकू शकतो. पण इथे प्रकाशाचा जोर बहुधा रात्री दहा ते एकच्या दरम्यान असतो, त्यामुळे गुहा आधी उरकणारी सहल फार काही गमावत नाही. शहरातूनच का पाहू नये, यावर रेक्याविकनेच उत्तर देऊन ठेवलं आहे: २८ सप्टेंबर २०१६ च्या रात्री नगरपालिकेने लोकांना आकाश दिसावं म्हणून रस्त्यावरचे दिवे तासभर मालवले होते.

खरा अडचणीचा आक्षेप तुम्ही घेतलाच नाहीत, तो मीच घेते. आकाशाला प्रवाशांनी इजा होत नाही, गुहेला होते. चुनखडीच्या गुहेत मोडलेला सुळका थेंबाथेंबाने, हजारो वर्षांनी का होईना, पुन्हा वाढू शकतो. लाव्हाचा सुळका एकदाच, छत वितळत असताना बनतो. रॉयवारहोल्सहेट्लिरमधले बहुतेक सुळके माणसांनी मोडून नेले. १९७४ पासून देशभरच्या गुहांतल्या अशा सुळक्यांना संरक्षण आहे, आणि इथून जवळच्या वीदगेल्मिर गुहेत १९९१ मध्ये लोखंडी दार बसवलं. मग संध्याकाळी आणखी बसेस कशाला? मला वाटतं, कारण दार आणि वाटाड्या नसलेल्या काळातच नासधूस झाली. रॉयवारहोल्सहेट्लिर बंद ठेवून साफ केली आणि २०१७ साली पायवाट, दिवे आणि तिकिटासह उघडली. तिकिटामुळे गुहेचं रानटीपण गेलं, हे मान्य. जे सुळके उरलेत ते मात्र रानटीपणामुळे उरलेले नाहीत.

काकूंना एवढं कळवा की यायचं तर मार्च किंवा सप्टेंबर निवडावा, कारण दिवस-रात्र समान असण्याच्या सुमारास चुंबकीय वादळं जास्त होतात. गुहेत पारा शून्याच्या जवळपास असतो आणि हिवाळ्यात तोंडापाशी बर्फ साचतो, तेव्हा बूट चांगले पकड असलेले घ्यावेत. आणि तिकीट काढताना गुहा आधी की नंतर, हे विचारून घ्यावं. नंतर असेल तर ती सहल सोडून दुसरी पाहावी.

तुमची