डेम्पोचा रोमिओ आणि माझा राग

क्लब सोडून परदेशी जाणाऱ्या खेळाडूचा मला राग यायचा. तो राग मी निष्ठेच्या नावाखाली वर्षानुवर्षं जपला आणि चारचौघांत अभिमानानं बोलूनही दाखवला. हे मनोगत त्या रागाबद्दल आहे.

मी तुमसरचा. वडील चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत होते. आमच्या भंडारा जिल्ह्यात फुटबॉलचं वेड असं कधी नव्हतं. कबड्डी होती, क्रिकेट होतं, हिवाळ्यात शंकरपट होता. फुटबॉल म्हणजे नागपूरकडची गोष्ट, त्यातही कामठीची. मला हा खेळ भेटला तो गोव्यात. खाणीच्या सर्व्हेचं काम शिकलेल्या माझ्यासारख्याला तेव्हा गोव्यात नोकरी लवकर मिळे. डिचोली तालुक्यातल्या एका खाणीवर मी लागलो आणि तिथल्या सोबत्यांनी मला मडगावला, फातोर्ड्याच्या स्टेडियमवर नेलं. ते डेम्पो या फुटबॉल क्लबचे चाहते होते, म्हणून मीही डेम्पोचा झालो. डेम्पो हे घराणंच खाणींमधलं. लाल धूळ अंगावर घेऊन घरी जाणाऱ्या माणसांना तो क्लब आपला वाटे, त्यात नवल नव्हतं.

माझे दिवसही भाग्याचे निघाले. २००५ ते २०१२ या काळात डेम्पोनं पाच वेळा देशाचं अजिंक्यपद मिळवलं. २००८ मध्ये संघ एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, पुढे रँटी मार्टिन्स. पण माझं मन जडलं ते क्लिफर्ड मिरांडावर. मधल्या फळीत डावीकडे खेळणारा हा माणूस चेंडू पायाशी येण्याआधीच मान वळवून मैदान बघून ठेवी. दशकभराहून अधिक काळ तो एकाच क्लबकडून खेळला. खेळाडू असावा तर असा, हे माझ्या डोक्यात त्याच्यामुळे पक्कं झालं. मग हळूहळू त्याचा दुसरा अर्थही पक्का झाला, की जो असा राहत नाही तो खेळाडू म्हणून कमी असो वा नसो, माणूस म्हणून कमी असतो. हा दुसरा अर्थ क्लिफर्डनं मला शिकवला नव्हता. तो माझा मीच काढला.

सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. मी तुमसरला परतलो. नोकरी गेली, गोवा गेला, पण डेम्पो राहिला. सामना टीव्हीवर असेल तर टीव्हीवर, नसेल तर मडगावच्या मित्राला फोन करून मी निकाल विचारत असे.

२०१४ च्या शेवटी इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल ही नवी स्पर्धा सुरू झाली. एफसी गोवाचा प्रशिक्षक होता ब्राझीलचा झिको, आणि त्याच्या हाताखाली आसोळण्याचा एक पोरगा चमकला, रोमिओ फर्नांडिस. तो मूळचा डेम्पोचा. मधल्या फळीच्या उजव्या-डाव्या अंगानं सुटणारा, चेंडू घेऊन सरळ बचावपटूच्या अंगावर जाणारा. गोवा उपांत्य फेरीत कोलकात्याकडून पेनल्टीवर हरला, तरी त्या स्पर्धेनं रोमिओचं नाव देशभर केलं. स्पर्धा संपल्यावर तो डेम्पोत परत आला, आणि डेम्पोला त्याची फार गरज होती, कारण त्या मोसमात आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या जुन्या लीगमध्ये, आमचा संघ तळाशी धडपडत होता.

नेमक्या त्याच वेळी, २०१५ च्या सुरुवातीला, बातमी आली की रोमिओ ब्राझीलला चाललाय. कुरितिबा शहरातला अत्लेतिको परानाएन्से हा क्लब त्याला कराराने काही महिन्यांसाठी नेत होता. बावीस वर्षांचा गोव्याचा मुलगा ब्राझीलच्या क्लबात! गोव्यातल्या कितीतरी लोकांना अभिमान वाटला. मडगावचा मित्र फोनवर आनंदानं बोलत होता. मी त्याला म्हणालो, "बुडत्या होडीतून उडी मारली त्यानं. आणि तिकडे त्याला खेळायला नाही, भारतात शर्ट विकायला नेलंय." मित्र गप्प झाला. मला वाटलं, मी खरं बोललो म्हणून गप्प झाला.

रोमिओ पाराना राज्याच्या स्पर्धेत बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला. दक्षिण अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉल खेळलेला पहिला भारतीय म्हणून त्याचं कौतुक झालं. मी मात्र मिनिटं मोजली. एवढ्यासाठी गेला होता का, असं प्रत्येकाला विचारत सुटलो. त्याच मोसमाअखेर डेम्पो आय-लीगमधून खाली घसरला. पाच वेळचा विजेता दुसऱ्या श्रेणीत! एक पोरगा राहिला असता तर संघ वाचला असता असं खुद्द मलाही मनातून वाटत नव्हतं. तरी दोष द्यायला त्याचं नाव जवळ होतं, आणि मी ते वापरलं. काही महिन्यांनी तो परत येऊन पुन्हा एफसी गोवासाठी खेळू लागला, तेव्हा मला समाधान वाटलं. एका तरुण माणसाला हवं तेवढं यश मिळालं नाही, याचं मला समाधान वाटलं होतं. आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या समाधानाची.

यात आणखी एक गोष्ट होती, जी मी तेव्हा स्वतःशीही बोललो नाही. मी स्वतः कोण होतो? मी तुमसर सोडून डिचोलीला गेलेला माणूस होतो. डोंगरी बुजरुक, चिखला या खाणी माझ्या दारात होत्या. तरी जास्त पगार आणि मोठं काम दिसलं, म्हणून मी गेलो. वडील थकलेले होते. मला कोणी गद्दार म्हटलं नाही. आमच्या जिल्ह्यातून माणसं जातातच. धानाचा हंगाम आटोपला की कामासाठी नागपूर, हैदराबाद गाठणारी कुटुंबं मी लहानपणापासून पाहिली आहेत. पोटासाठी जाणाऱ्याला आम्ही समजून घेतो. मग पायात कसब असलेला मुलगा त्या कसबासाठी गेला, तेव्हा एवढीही सूट त्याला मी का दिली नाही? बहुधा मी त्याला माणूस धरलंच नव्हतं. तो माझ्या जुन्या सुखाचा राखणदार होता. गोवा माझ्या हातातून गेला होता आणि उरलासुरला गोवा त्यानं सांभाळावा, अशी माझी अपेक्षा होती.

पण हे सगळं आजचं शहाणपण. तेव्हा मी ठाम होतो आणि पुढची सात वर्षं ठामच राहिलो.

माझी भाची नागपूरच्या कॉलेजात शिकते आणि मधल्या फळीत खेळते. तिला फुटबॉलची गोडी माझ्यामुळे लागली, असं घरात सगळे म्हणतात. २०२२ च्या जुलैमध्ये ती मनीषा कल्याणच्या बातमीनं नाचत होती. पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातल्या मुग्गोवाल गावची ही मुलगी गोकुळम केरळकडून देशाची लीग जिंकून आता सायप्रसच्या अपोलॉन क्लबात चालली होती. आदल्या वर्षी मानाउसला ब्राझीलविरुद्ध तिनं गोल केला होता. भारत तो सामना सहा-एक हरला, पण तो एक गोल मी घरी उभा राहून साजरा केला होता. तरीही भाचीला मी माझं जुनंच सुनावलं: सायप्रस म्हणजे काही मोठी लीग नाही, तिनं इथंच राहून आपली लीग मोठी करायला हवी, सगळ्या चांगल्या पोरी निघून गेल्या तर इथं उरेल काय. भाची वाद घालणारी आहे, पण त्या दिवशी ती नुसती म्हणाली, "मामाजी, तुमी कधी कोनाले जाऊच देत नाही." आणि आत निघून गेली.

मग ऑगस्ट आला. रोवणी आटोपलेली, पाऊस लागून राहिलेला. १६ ऑगस्टच्या सकाळी बातमी आली की फिफानं भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं आहे. कारण प्रशासनातलं, बाहेरच्यांच्या हस्तक्षेपाचं. महासंघाच्या निवडणुका रखडलेल्या, कारभार न्यायालयानं नेमलेल्या समितीकडे. मी ते वाचलं, चिडलो आणि चहा घेतला. या सगळ्याचा मैदानातल्या कोणा माणसाशी संबंध असेल असं क्षणभरही वाटलं नाही.

संबंध होता. गोकुळमच्या मुली त्याच दिवशी उझबेकिस्तानात, ताश्कंदला पोचल्या होत्या. आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत त्या भारताच्या विजेत्या म्हणून खेळणार होत्या. तिथं उतरल्यावर त्यांना कळलं की भारत निलंबित आहे, म्हणून त्यांना खेळता येणार नाही. क्लबनं पंतप्रधानांना विनंती केली. मुली हॉटेलात थांबल्या, वाट बघत राहिल्या. या त्याच मुली, ज्या कुठेही गेल्या नव्हत्या, ज्यांनी मला हवं होतं अगदी तसंच केलं होतं. इथंच राहून लीग जिंकल्या होत्या.

दोन दिवसांनी, १८ ऑगस्टला, मनीषा कल्याण युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यात लाटव्हियाच्या एसएफके रीगाविरुद्ध साठाव्या मिनिटाला मैदानात उतरली. या स्पर्धेत खेळलेली ती पहिली भारतीय. अपोलॉन तीन-शून्यनं जिंकला.

त्या संध्याकाळी भाची घरी आली होती. तिनं फोनवर आधी मनीषाचा फोटो दाखवला आणि मग ताश्कंदच्या मुलींची बातमी. दोन्ही एकाच आठवड्यातल्या. मोसम संपेपर्यंत या मुली मनीषाच्या बाजूला खेळत होत्या. भाची चिडलेली नव्हती. तिनं साधं विचारलं, "सांगा आता, कोन कोनाले सोडून गेलं?"

मी काही बोललो नाही. जे सुचत होतं ते सगळं खोटं होतं. एकदा तोंडावर आलं की हे तात्पुरतं आहे, निलंबन उठेल. आणि ते खरंच उठलं, २६ ऑगस्टला. पण तोवर त्या मुलींची स्पर्धा हातची गेली होती. खेळाडूला वीस-बावीसच्या वयात किती ऑगस्ट मिळतात? मी खेळाडूंकडून घराची निष्ठा मागत होतो आणि घराच्या बाजूनं त्यांना कोणी कसला शब्द दिला होता, हे मी कधी विचारलंच नव्हतं. निष्ठा एकीकडूनच मागायची असेल तर तिला दुसरं नाव आहे.

रात्री झोप लागली नाही. डोक्यात मनीषा नव्हती, रोमिओ होता. ज्या डेम्पोसाठी मी त्याच्यावर रागावलो, त्या डेम्पोचं पुढे काय झालं ते मला माहीत होतंच, फक्त ते मी कधी त्याच्या हिशेबात धरलं नव्हतं. घसरल्यानंतरच्या वर्षी डेम्पोनं दुसरी श्रेणी जिंकली, परतीचा हक्क मिळवला. आणि मग २०१६ मध्ये, महासंघाच्या नव्या आराखड्यात आपल्याला जागा नाही हे दिसल्यावर, गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून अंगच काढून घेतलं. डेम्पोही बाहेर. खेळून मिळवलेली जागा कागदावर गेली. रोमिओ कुरितिबाला न जाता थांबला असता, तरी ज्याच्यासाठी थांबायचं ते दीड वर्षात उरणारच नव्हतं.

आणि तो तिथं गेला कशाला होता, याचाही मी आता नीट विचार करतो. २०१४ ची आयएसएल अवघी दोन-सव्वादोन महिने चालली. मधल्या फळीतल्या खेळाडूची खरी शिकवण चेंडू मिळाल्यानंतरची नसते, मिळण्याआधीची असते. मागे कोण आहे, किती क्षण आहेत, कुठे वळायचं. आपल्याकडे त्याला ते क्षण जास्त मिळतात, म्हणून तो हळू राहतो. अंगावर धावून येणारे जलद असतील तिथं रोज सराव केल्याशिवाय हे अंगात मुरत नाही. मी मोजली ती सामन्यातली मिनिटं. सरावाच्या सकाळी मी मोजल्या नाहीत, कारण त्या टीव्हीवर दिसत नाहीत. क्लिफर्डची मान वळवण्याची सवय मला एवढी आवडत होती. ती शिकायला कोणी समुद्रापार गेला, तर मी त्याला पळपुटा म्हटलं.

सगळंच बदललं असं मात्र नाही. परदेशी क्लब भारतीय खेळाडू नेताना इथल्या बाजाराकडेही बघतात, असं मला अजून वाटतं, आणि ते मला आवडत नाही. पण तो प्रश्न क्लबला विचारायचा, त्या पोराला नाही. खेळाडू गेला की पोटात तुटतंही अजून. ते तुटणं माझं आहे, त्याची किंमत त्यानं का द्यावी?

२०२५ च्या जुलैत भारताच्या मुलींनी च्यांग माईला थायलंडला दोन-एकनं हरवून आशिया चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल मधल्या फळीतल्या संगीता बासफोरचे. त्याच महिन्यात आयएसएलचा नवा मोसम कराराच्या भांडणात अडकला आणि पुढे काही क्लबांनी पगार थांबवले. त्या सुमारास भाचीला गोव्यातल्या एका क्लबची चाचणी द्यायला जायचं होतं. परदेश नव्हे, फक्त गोवा, तरी आमच्या घराला ते फार दूर. बहिणीनं मला फोन केला, कारण या बाबतीत मी तिच्याच बाजूचा, याची तिला खात्री होती.

"भाऊ, तू तिले समजव. तुयं आयकते ते."

मी म्हणालो, "जाऊ दे तिला."

"तूच तं मनत होतास का जानारे फिरून येत नाहीत."

"म्हणत होतो," मी म्हणालो. "आता म्हणत नाही."

तिला ते पटलेलं नाही. ती माझ्यावर अजून नाराज आहे, आणि तिची भीती खोटी आहे असं मी तिला सांगू शकत नाही.