पोर्ट लुईचे कायदेमंडळ

आमचे चिरंजीव चाकणच्या एका कारखान्यात अधिकारी आहेत. गतवर्षी त्यांनी फारच आग्रह धरल्यावरून आम्ही उभयता त्यांच्यासमवेत मॉरिशस बेटास जाऊन आलो. तेथील सागरतीरांचे वर्णन इतरांनी पुष्कळ केले आहे. त्याच्या पुनरुक्तीने वाचकांस शिणवीत नाही. माझे मन गुंतले ते राजधानी पोर्ट लुई येथील कायदेमंडळापाशी.

बंदरावरून ताडवृक्षांच्या दुतर्फा रांगांमधून सरळ चालत गेले म्हणजे समोर फ्रेंच अमदानीतील सरकारवाडा लागतो. पुढे व्हिक्टोरिया राणीचा पुतळा आहे, आणि लगतच सभागृह. याच बंदराच्या काठी आप्रवासी घाट आहे. 1834 पासून सुमारे साडेचार लक्ष हिंदी मजूर करारावर या बेटावर उतरले. त्यांत आपल्या रत्नागिरीकडील मंडळीही होती. घाटाच्या सोळा पायऱ्या चढून ती उसाच्या मळ्यांत गेली. घाटापासून सभागृह पायी पाव तासाचेही नाही. परंतु आपल्या लोकांस तेवढे चालून जाण्यास नव्वदांहून अधिक वर्षे लागली.

कारण असे की, 1886 साली तेथे प्रथम निवडणूक झाली, तेव्हा मताचा अधिकार मालमत्तेवर होता. बेटावर हिंदी वंशाचे लोक बहुसंख्य, आणि मतदार अवघे चार हजारांच्या आसपास. त्यांत हिंदी नावे मूठभर. 1926 साली प्रथमच दोन हिंदी गृहस्थ निवडून आले. पुढे 1947 च्या नव्या घटनेने ज्यास बेटावरील एखाद्या भाषेत साधी वाक्ये लिहिता-वाचता येतात, त्या प्रौढ स्त्रीपुरुषास मत मिळाले. मग काय विचारता! पंडित बासदेव बिसुनदयाल यांचे स्वयंसेवक मळ्यामळ्यांतून फिरले. दिवसभर ऊस तोडलेले हात रात्री 'बैठका' नामक गावशाळेत कंदिलाशी बसून नागरी अक्षरे गिरवू लागले. बारा हजारांच्या घरातील मतदार बहात्तर हजारांच्या घरात गेले, आणि ऑगस्ट 1948 मध्ये निवडलेल्या एकोणीस सभासदांत बहुसंख्य हिंदी वंशाचे आले. ज्याने जन्मभर पाटीवर अक्षर काढून दिले, त्याला हे ऐकून काय वाटले असेल, ते सांगावयास नको.

आज तेथे 62 सभासद लोक निवडतात. कोणताही समाज अगदीच वगळला जाऊ नये म्हणून पराभूत उमेदवारांतून आणखी आठांपर्यंत घेण्याची विलक्षण तरतूद 1968 च्या संविधानात केलेली आहे. तिजवर तेथेही पुष्कळ वाद आहेत. मराठी भाषिक संघ याच सभागृहाच्या कायद्याने स्थापन झाला, आणि गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते. देश सारा साडेबारा लाखांचा! आमची पिंपरी-चिंचवड नगरी 2011 च्या शिरगणतीतच सव्वासतरा लाखांवर गेली होती. तरी मार्च 2022 नंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिचा कारभार लोकनियुक्त सभेवाचून एका प्रशासकाने चालविला, आणि आम्ही चिंचवडकरांनी त्याविषयी फारशी हळहळही केली नाही. असो.

निरक्षरास मत नसावे, असे मी शाळेच्या ओसरीवर पुष्कळदा बोलून गेलो आहे. सभागृहाच्या फाटकाशी मी तेच पुन्हा बोललो, आणि 1948 चा दाखलाही दिला. सौभाग्यवती म्हणाल्या, "मग आपल्या आजींचे काय?"

माझी आजी पूर्ण निरक्षर. आपल्याकडील पहिल्या निवडणुकीत पेटीवरचे चित्र पाहून ती मत टाकून आली होती, आणि बोटावरची शाई कितीतरी दिवस साऱ्या वाड्यास दाखवीत होती, असे वडील सांगत. मॉरिशसात 1948 साली तिला दारातूनच परत पाठविले असते. तेथेही ही अट पुढे गळली. 1959 ची निवडणूक प्रौढ मताधिकारानेच झाली.

परतताना आम्ही पुन्हा घाटावर गेलो. तेथे उतरलेल्यांच्या जुन्या नोंदवह्या आता मोका गावी महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. त्यांत नाव, बापाचे नाव, गाव, सारे आहे. परंतु ते कारकुनाच्या हातचे. सौभाग्यवती पायऱ्या मोजीत वर गेल्या. मी बराच वेळ खालीच उभा होतो.